ई-कोर्ट सेवा: तारीख कळते, पुढचं कळत नाही

मी एकतीस वर्षं दिवाणी कोर्टात बेलिफ होतो. समन्स, नोटीस, जप्ती, ताबा, दवंडी. कोर्टानं कागदावर लिहिलेलं माणसाच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन पोचवायचं, हे माझं काम. निवृत्त झाल्यापासून आळीतले लोक फोन घेऊन ओसरीवर येतात, ‘जरा बघा ना आमची केस कुठवर आली’ म्हणतात, आणि मी ई-कोर्टचं ॲप उघडून बघतो. म्हणजे ही सेवा मी आत असतानाही वापरली आणि आता बाहेरूनही वापरतो. पाचपैकी तीन तारे देतोय. दोन का कापले ते सविस्तर लिहितो, कारण त्यात ॲप तयार करणाऱ्या मुलांचा काही दोष नाही.

आधी चांगलं सांगतो. पूर्वीचे दिवस ज्यांनी काढलेत त्यांनाच या सेवेची किंमत कळेल. पुढची तारीख काय पडली, एवढं एक कळायला माणूस एसटीनं पन्नास किलोमीटर यायचा. बोर्डावर नाव शोधायचा. सापडलं नाही की पट्टेवाल्याला विचारायचा, पट्टेवाला कारकुनाकडं पाठवायचा, कारकून म्हणायचा वकिलांना विचारा. दिवसाची मजुरी जायची आणि हातात यायचा चिठ्ठीवर लिहिलेला एक आकडा. आता दाव्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की कोणत्या न्यायाधीशांपुढं आहे, मागं किती तारखा झाल्या, कोणत्या तारखेला काय झालं, पुढची कधी आहे, सगळं समोर येतं. हुकूम चढवलेला असेल तर तोही वाचता येतो. क्रमांक हरवला तर पक्षकाराच्या नावावरून शोधता येतो. पैसा लागत नाही. देशभरातल्या कोर्टांतल्या प्रकरणांचे आकडे दाखवणारी नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड तर २०१५ पासून सगळ्यांना खुली आहे. जिल्हा आणि तालुका कोर्टांत चार कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत हे तिथं शाळेतलं पोरही बघू शकतं. आपली थकबाकी अशी रोज लोकांसमोर मांडायला हिंमत लागते. ती या लोकांनी दाखवली आहे, हे मी विसरत नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आम्हा बेलिफांच्या हातातही फोन आला. एनस्टेप नावाची व्यवस्था. समन्स बजावायला गेलो की तिथं उभं राहून नोंद करायची, फोटो घ्यायचा, आणि मी नेमका कुठं उभा होतो ते जीपीएसनं आपोआप चढायचं. पूर्वी ‘घर बंद आढळले’ असा शेरा चहाच्या टपरीवर बसून लिहिणारेही होते. ते बंद झालं. समन्स बजावलं की नाही यावरून जे वर्षानुवर्षं वाद चालायचे त्यांना चाप बसला. मला ही व्यवस्था मनापासून आवडली.

आणि तिथूनच माझं दुखणं सुरू झालं. दाव्याचं पहिलं समन्स देताना मी कोणत्या दारात, किती वाजता उभा होतो, हे कोर्टाला कळतं. त्याच दाव्याचा निकाल लागल्यावर त्या दारात काय घडलं, हे कोर्टाला कळत नाही. ते नोंदवायला रकानाच नाही.

आमच्या आळीतल्या एक ताई आहेत. वडिलांच्या जमिनीत भावांनी हिस्सा दिला नाही म्हणून वाटपाचा दावा लावला होता. तेरा वर्षं चालला. परवा त्या फोन घेऊन आल्या. मी क्रमांक टाकला. पडद्यावर आलं: प्रकरण निकाली. खाली निकालाची तारीख, निकालाचा प्रकार, आणि पान संपलं. मी म्हटलं, ‘ताई, दावा मंजूर झालाय. तुम्हाला सहावा हिस्सा दिलाय.’ त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, ‘भाऊ, मग मी कोणत्या बांधापासून कोणत्या बांधापर्यंत उभं राहायचं?’

याचं उत्तर त्या पानावर नाही. शेतजमिनीच्या वाटपात कोर्ट हिस्सा ठरवतं, पण सारा भरणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पाडायचं काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणं कलेक्टरकडं जातं. कलेक्टर कचेरीतून कागद तहसीलला, तहसीलमधून भूमी अभिलेखकडं मोजणीला. मोजणीच्या दिवशी एखादा भाऊ हरकत घेतो, कागद परत फिरतो. या वाटेवर म्हातारी झालेली माणसं मी पाहिलीत. कोर्टाच्या खात्यात ताईंचा दावा संपला. एक आकडा बाकीतून कमी होऊन निकालीत गेला, त्या महिन्याच्या कामात धरला गेला. ताईंच्या हातात अजून ढेकूळभर मातीही आलेली नाही. प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कोणाचा किती हिस्सा एवढं ठरवणारा, झाला की पक्षकारानं नव्यानं अर्ज करायची वाट न बघता खालच्या कोर्टानं आपणहून अंतिम, म्हणजे प्रत्यक्ष वाटपाच्या, हुकूमनाम्याकडं जावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय. बरं केलं. पण ‘निकाली’ हा शब्द जोवर मधल्या टप्प्यावरच लागतोय, तोवर पुढची निकड कोणाला वाटायची?

आता माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. गाव, कोर्ट, माणसं यांची नावं घेत नाही.

जुलै महिना होता. एका दुकानगाळ्याचा ताबा घ्यायचं वॉरंट माझ्या हातात आलं. मालकाला स्वतःच्या गरजेसाठी जागा हवी, म्हणून दावा मंजूर झालेला. गाळ्यात एक टेलर होते, बावीस वर्षं तिथं शिवत बसलेले. सकाळी दहाला मी, दोन पंच, मालकाचा माणूस आणि एक हवालदार असे पोचलो. दिवाणी प्रक्रियेचा कायदा १९०८ चा आहे, पण तो लिहिणाऱ्यानं माणसांची घरं पाहिली असणार, असं मला नेहमी वाटतं. जप्तीला गेलं तर अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लावायचा नाही. बाईच्या अंगावरचा, धर्मानं उतरवता न येणारा दागिना सोडायचा. शेतकऱ्याची औतं आणि कारागिराची हत्यारं सोडायची. सूर्यास्तानंतर राहत्या घरात शिरायचं नाही. कलम ६० आणि ६२ आम्हाला पाठ असायची.

पण ते सगळं जप्तीचं. ताब्याला गाळा मोकळा करून द्यायचा असतो. म्हणजे कर्जाच्या वसुलीत ज्या शिलाई मशीनला मी बोट लावू शकत नव्हतो, तेच मशीन त्या दिवशी मी उचलून रस्त्यावर ठेवलं. पावसाची भुरभुर होती. पंचनाम्यात मी लिहिलं ते आजही आठवतं: पायमशीन दोन, लाकडी फळी एक, कात्री तीन, अर्धवट शिवलेले ब्लाऊज चौदा, प्रत्येकाला मापाची चिठ्ठी टाचलेली. ते टेलर काही बोलले नाहीत. चिठ्ठ्या भिजू नयेत म्हणून चौदाही ब्लाऊज त्यांनी शर्टाच्या आत धरले.

पावणेबाराला कुलूप लावून किल्ली मालकाला दिली. दुपारी चारच्या सुमारास वरच्या कोर्टाची स्थगिती आली. चार तास उशिरा. ताबा गेला तो गेला.

सहा वर्षांनी त्यांचं अपील मंजूर झालं. कायद्यात कलम १४४ आहे: हुकूमनामा फिरला तर त्यापायी ज्याचं गेलं त्याला ते परत द्यायचं, शक्य तितकं मूळच्या जागी नेऊन ठेवायचं. कोर्टाच्या कृतीनं कोणाचं नुकसान होऊ नये, हे तत्त्व त्यामागं आहे. फार मोठं तत्त्व आहे, मी त्याच्यापुढं मान लववतो. उलट्या ताब्याचं वॉरंट माझ्याच हातात आलं. तोच गाळा. टेलर तोवर एका रेडीमेडच्या कारखान्यात काज-बटणाला लागले होते. मी किल्ली हातात दिली. त्यांनी शटर वर केलं, आत बघितलं आणि मला म्हणाले, ‘साहेब, गिऱ्हाईक परत द्यायचं पण यात लिहिलंय का?’

ज्यांनी पहिला हुकूमनामा दिला ते न्यायाधीश चांगले होते. पुढं आलेला पुरावा बघून त्यांनी प्रामाणिकपणं निकाल दिला होता. अपिलात तो फिरला, असं होतं, त्यासाठीच अपील असतं. मला खुपतं ते वेगळंच. त्या साहेबांना यातलं काहीही कधीच कळलं नाही. तीन वर्षांनी बदली होऊन ते दुसऱ्या जिल्ह्यात गेले. ताब्याची दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज, चालली नव्या साहेबांपुढं, अपील आणखी तिसऱ्यांपुढं. माझा अहवाल, ज्यात चौदा ब्लाऊज होते, तो दरखास्तीच्या फायलीत टाचला गेला आणि फाईल रेकॉर्ड रूमला गेली. निकालाचा माणसावर काय परिणाम झाला हे लिहिलेला कोर्टातला एकमेव कागद म्हणजे बेलिफाचा अहवाल. निकाल देणाऱ्यापर्यंत तो पोचेल अशी वाट आपण बांधलीच नाही. स्वयंपाक करणाऱ्यानं कधी जेवणाऱ्यांची पानं बघितलीच नाहीत, तर मीठ कमी की जास्त हे त्याला कसं कळणार?

ई-कोर्टवरही हीच तुटलेली वाट दिसते. मूळ दाव्याला एक सीएनआर, दरखास्तीला दुसरा, अपिलाला तिसरा. मी जुना बेलिफ म्हणून तिन्ही जोडून वाचू शकतो. ताईंना ते जमायचं नाही, आणि मला वाटतं पाच वर्षांपूर्वीचा आपला निकाल पुढं कुठं गेला हे बघायचं म्हटलं तर न्यायाधीशांनाही सहज जमायचं नाही.

हे काही माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजी अमलातल्या अपिलाच्या शेवटच्या कोर्टानं, १८७२ मध्ये लिहून ठेवलंय. दीडशे वर्षं होऊन गेली. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये बजावलं. मार्च २०२५ मध्ये पुन्हा बजावलं आणि या वेळी सगळ्या उच्च न्यायालयांकडून आकडे मागवले. ऑक्टोबरमध्ये आकडा आला: देशभरात ८ लाख ८२ हजारांहून जास्त दरखास्ती पडून. त्यात सगळ्यात जास्त आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत, तीन लाख चाळीस हजारांच्या वर. तो आकडा वाचला तेव्हा मी पेपर बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिलो. यातल्या प्रत्येक आकड्यामागं जिंकलेला माणूस आहे.

मला या सगळ्यात आशा कुठं दिसते तेही सांगतो. जामिनाच्या आणि सुटकेच्या बाबतीत कोर्टानं निकालाच्या मागं चालत जाऊन बघायला सुरुवात केली आहे. बिहारचे रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष सुटले आणि तुरुंगातून बाहेर आले १९८२ मध्ये. चौदा वर्षं निकाल कागदावर आणि माणूस आत. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना तीस हजार रुपये भरपाई द्यायला लावली. २०२१ मध्ये आग्र्याच्या तुरुंगातले तेरा जण सर्वोच्च न्यायालयानं जामीन देऊनही काही दिवस आतच राहिले, तेव्हा न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि पुढच्या वर्षी हुकूम इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं थेट तुरुंगापर्यंत पाठवायची फास्टर नावाची व्यवस्था सुरू झाली. जानेवारी २०२३ च्या सूचना तर मला फार मोलाच्या वाटतात. जामिनाचा हुकूम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगात पाठवायचा, तुरुंगानं जामिनाची तारीख आपल्या संगणकात नोंदवायची, आणि सात दिवसांत माणूस सुटला नाही तर विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. म्हणजे पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, की आम्ही सुटका लिहिली, माणूस सुटला का? जामिनाला जे जमलं ते ताब्याला, वाटपाला, पोटगीला का जमू नये?

पोटगीचं बोलायचं तर पानं पुरायची नाहीत. दरमहा रक्कम मंजूर, प्रकरण निकाली, आणि बाई दर काही महिन्यांनी वसुलीचा नवा अर्ज घेऊन त्याच दारात. प्रत्येक अर्जाला नवा क्रमांक.

मोठ्या कोर्टांचे निकाल तर एका झटक्यात लाखोंच्या दारात जातात. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना जंगलातून हटवायचा हुकूम दिला. फेटाळलेले दावे दहा लाखांहून जास्त होते. २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयानं त्या हुकुमाला स्थगिती दिली आणि दावे फेटाळताना नीट पद्धत पाळली होती का, याची माहिती राज्यांकडून मागवली. पंधरा दिवसांत मागं वळून बघितलं, याचा मला आदरच आहे. पण माझ्यासारखा माणूस विचारतो, तो हुकूम राबवायला पाड्यावर गेला असता तो कोण? माझ्यासारखाच कोणी शिपाई, कोणी फॉरेस्ट गार्ड. ती माहिती हुकमाच्या आधी मागवली असती तर त्या पाड्यांवरच्या झोपा उडाल्या नसत्या.

२०२१ मध्ये नीती आयोगानं कट्स या संस्थेकडं एक अभ्यास सोपवला होता, सर्वोच्च न्यायालय आणि हरित लवादाच्या काही निवडक निकालांचा अर्थव्यवस्थेवर काय परिणाम झाला याचा. गोव्याचा मोपा विमानतळ, तिथलंच खाणकाम, तुतिकोरिनचा स्टरलाइट कारखाना अशी प्रकरणं त्यात होती. निकालानंतर काय झालं हे मोजायची कल्पना मला पटते. फक्त पैशात मोजलं तर मात्र भीती वाटते. कारखाना बंद झाला तर बुडालेला पगार मोजता येतो आणि तो मोजलाच पाहिजे, त्या कामगाराच्या घरी जप्तीला गेलेला माणूस मी आहे. पण कारखान्याशेजारच्या विहिरीचं पाणी, पोराचा दमा, याचा हिशेब त्याच वहीत दुसऱ्या बाजूला लिहायला हवा. आणि मोजणारा सरकारच्या बाजूचा असून चालायचं नाही, कारण कोर्टासमोर सगळ्यात जास्त वेळा उभं असतं ते सरकारच.

‘मग न्यायाधीशांनाच दंड लावा’ असं काही जण तावातावानं म्हणतात. मला ते मान्य नाही. १८५० चा एक कायदा आहे, न्यायिक अधिकाऱ्यांना संरक्षण देणारा. प्रामाणिकपणं केलेल्या कामाबद्दल त्यांच्यावर दिवाणी दावा लावता येत नाही. १९८५ च्या कायद्यानं ते आणखी पक्कं केलं. त्या १८५० च्या कायद्यात कोर्टाचं वॉरंट बजावणाऱ्यालाही संरक्षण आहे, म्हणजे मलाही होतं. एका बड्या असामीच्या दारात जप्तीचं वॉरंट घेऊन मी एकटा उभा राहिलो होतो, तेव्हा त्या ढालीची किंमत मला कळली. उद्या न्यायाधीशाला स्वतःच्या खिशाची भीती घातली, तर तो बलवानाच्या विरोधात निकाल द्यायला कचरेल, आणि मरेल तो टेलरच. ढाल राहिलीच पाहिजे. पण ढाल अंगावर वार येऊ नये म्हणून असते, ती डोळ्यांपुढं धरायची नसते.

ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्यासाठी सरकारनं २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केलेत. त्यातून माझं मागणं अगदी लहान आहे. ‘निकाली’च्या खाली एक रकाना द्या: हुकुमाची अंमलबजावणी झाली का, कधी, कशी. मूळ दावा, अपील, दरखास्त एका धाग्यात दिसू द्या. बेलिफाचा अहवाल त्या धाग्यात चढवा, एनस्टेपचा फोन हातात आहेच. आणि निकाल देणाऱ्या न्यायाधीशांना, त्यांची बदली कुठंही झालेली असो, वर्षातून एकदा त्यांच्या निकालांचं पुढं काय झालं त्याची यादी जाऊ द्या. शिक्षा म्हणून नको, गोपनीय अहवालात गुण कापायलाही नको. त्यांनी ती वाचावी, एवढंच. चौदा ब्लाऊज वाचलेला माणूस पुढच्या वेळी ताब्याचा हुकूम करताना अपिलाची मुदत तरी नीट बघेल, असा मला विश्वास आहे. मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यातले बहुतेक जण तसेच होते.

ताईंना मी कलेक्टर कचेरीचा जावक क्रमांक मिळवून दिला आहे. तो ॲपमध्ये कुठंही टाकता येत नाही, म्हणून त्यांनी तो कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलाय. सोमवारी तहसीलला जायचंय. मी सोबत जाणार आहे.